ढालकिडा उर्फ लेडीबर्ड : तिसरी-चौथीच्या मुलांना काय सांगायचं, काय दाखवायचं?

शाळेचीघंटा

परिसर अभ्यासाच्या तासासाठी ढालकिड्यावर एक पानाचं टिपण करायचं आहे. शहरातली मुलं त्याला लेडीबर्ड किंवा लेडीबग म्हणतात, शेतकऱ्यांच्या घरातली ढालकिडा. टिपणात दोन्ही नावं ठेवणार आहे. तयार पत्रकं भरपूर फिरतात, पण बहुतेक बाहेरच्या देशांतून उचललेली. त्यांतली ही वाक्यं खटकतात:

"पाठीवरचे ठिपके म्हणजे त्याचं वय."
"हिवाळ्यात तो झोपून राहतो."
"लेडीबर्ड लाल असतो."
"तो बागेचा मित्र, त्याला कधीही मारू नये."

यातलं काय ठेवावं, काय गाळावं? पानावर चित्र एकच बसणार असेल तर कोणतं घ्यावं? आणि वर्गात प्रत्यक्ष दाखवता येण्यासारखं काही असेल तर तेही सांगा. खर्च जवळपास शून्य हवा.

भिंगवाला

ठिपके-वयाचं वाक्य सरळ काढून टाका. ठिपक्यांची संख्या जातीवर ठरते. कोषातून बाहेर पडलेला ढालकिडा पिवळट, मऊ आणि बिनठिपक्यांचा असतो. काही तासांत पंख कडक होतात आणि ठिपके उमटतात. त्यानंतर त्यात एकाचीही भर पडत नाही. लाल रंग मात्र पुढे काही दिवस गडद होत जातो.

सात ठिपक्यांच्या जातीत, म्हणजे कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटात, मोजणीची एक गंमत आहे. प्रत्येक पंखावर तीन-तीन, मिळून सहा. सातवा ठिपका मानेमागे, दोन्ही पंख जिथे जुळतात तिथे, अर्धा या पंखावर आणि अर्धा त्या. उडण्यासाठी पंख उघडले की तो दुभंगतो. "सात हा विषम आकडा, मग दोन्ही बाजूंना सारखे ठिपके कसे?" हे मुलांना आधी विचारा आणि मग दाखवा.

"लाल असतो" हेही अपुरं आहे. जगभरात या कुळाच्या सुमारे ६००० जाती आहेत. लाल, केशरी, पिवळे, तपकिरी, काळे, सगळे आहेत. ठिपक्यांऐवजी रेघा असलेलेही आहेत. मिलिमीटरभर लांबीचे काळे ढालकिडे तर बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

महाराष्ट्रात मुलांना सहज दिसतील असे तीन. पहिला चेलोमेनस सेक्समॅक्युलाटा: पिवळसर किंवा केशरी पाठ, त्यावर काळ्या नागमोडी रेघा, लांबी ४-५ मिमी. दुसरा कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस: केशरी-लाल, पाठीच्या मधोमध काळा पट्टा आणि बाजूंना तुटक काळे डाग. तिसरा वर सांगितलेला सात ठिपक्यांचा, ५ ते ८ मिमी. आपल्या गावातल्या मुलाला नागमोडी रेघांचा दिसण्याची शक्यता जास्त, आणि पत्रकात चित्र सात ठिपक्यांचं. मग मूल म्हणतं, हा लेडीबर्ड नाहीच.

बांधावरचा

हिवाळ्यात झोपतो हे वाक्य आपल्याकडे उलटं आहे. बर्फाच्या देशांत ढालकिडे सालीखाली, पालापाचोळ्यात, घरांच्या फटींत गोळा होऊन थंडी काढतात, कारण तिथे त्या दिवसांत खायला मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, नसतो. आपल्याकडे मावा वाढतो तोच थंडीत. करडई, मोहरी, रब्बी ज्वारी, मका, वाल, चवळी यांवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी मावा असतो आणि त्याच्यामागे ढालकिडे. कडक उन्हाळ्यात ते विरळ होतात. जोराचा पाऊस मावा धुऊन नेतो, म्हणून ऐन पावसाळ्यातही कमी दिसतात. तेव्हा टिपणात लिहा: "थंडीच्या दिवसांत शोधा."

कुठे शोधायचं तेही लिहा. शेंड्यावर, कोवळ्या शेंगेवर किंवा पानाच्या मागे मावा आहे का ते आधी बघायचं. पान चिकट लागत असेल, काळ्या मुंग्यांची ये-जा असेल तर मावा आहेच. मुंग्या माव्याच्या अंगातून येणारा गोड चिकटा खातात आणि त्या बदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात. त्यामुळे मुंग्यांनी भरलेल्या शेंड्यावर ढालकिडा क्वचित सापडेल. दोन-तीन झाडं पुढे, मावा आहे पण मुंग्या कमी, तिथे बघा.

टेरेसबाग

शहरात शेत नसतं, पण कण्हेर आणि रुई असतेच. त्यांच्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा येतो आणि तिथे ढालकिडे फिरताना दिसतात. नुसतं बघायला उत्तम जागा.

भिंगवाला

बघायलाच. फांदी तोडू देऊ नका. रुई आणि कण्हेर दोन्ही विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. तिथला पिवळा मावा झाडातलं विष स्वतःच्या अंगात साठवतो, त्यामुळे वर्गात अळ्या पाळायच्या झाल्या तर खाद्य म्हणूनही तो नको. त्यावर काही जातींच्या अळ्या नीट वाढत नाहीत. चवळीवरचा काळा मावा घ्या.

शाळेचीघंटा

म्हणजे पाळता येतात? जरा सविस्तर सांगाल का?

भिंगवाला

येतात. खरं तर मुलांना दाखवायचं तर अळीच दाखवा, लाल भुंगेरा, म्हणजे पूर्ण वाढलेला ढालकिडा, त्यांनी चित्रात शंभरदा पाहिलेला असतो. तुमच्या एका चित्राच्या प्रश्नाचंही माझ्याकडे हेच उत्तर आहे. लोक ढालकिड्याला मारत नाहीत, त्याच्या अळीला मारतात, कारण ती ओळखू येत नाही. लांबट, राखाडी-काळी, अंगावर केशरी किंवा पिवळे डाग, सहा लांब पाय, मागे निमुळती, चाल तुरुतुरु. पंख नाहीत, गोलाई नाही. दिसते मगरीच्या पिल्लासारखी. बघणाऱ्याला वाटतं, झाड खाणारी कीड. आणि मावा सर्वात जास्त खाते ती हीच.

जीवनक्रम थोडक्यात असा. मादी माव्याजवळ, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला, पिवळी उभी अंडी घालते. प्रत्येक अंडं साधारण मिलिमीटरभर, एका पुंजक्यात दहा-वीस, कधी जास्त. तीन-चार दिवसांत अळी. अळी तीन वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या चार अवस्था होतात, त्यांना आठ ते बारा दिवस. मग शेपटीकडून पानाला चिकटून कोष, चार-पाच दिवस. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत सगळं मिळून १५ ते २० दिवस धरा. गारठा असेल तर आणखी थोडे.

पाळण्यासाठी अर्ध्या लिटरची रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घ्या. तोंडाला मलमलचं कापड, वर रबरबँड. तळाला टिपकागद किंवा टिश्यू. चवळीचा मावा असलेला ७-८ सेंमीचा शेंडा खुडायचा आणि खुडलेल्या टोकाला ओला कापूस गुंडाळून आत ठेवायचा. रोज एकदा शेंडा बदलायचा, कागद ओला झाला असेल तर तोही. अळी हाताने उचलायची नाही. ती मऊ रंगाच्या ब्रशवर चढवून घ्यायची, किंवा ती बसलेलं पानच उचलायचं.

खाद्याचा अंदाज: नुकत्या निघालेल्या अळीला दिवसाला दहा-पंधरा बारीक मावा पुरे. शेवटच्या अवस्थेतल्या अळीला चाळीस-पन्नास ठेवा, आणि सकाळी एकही उरला नसेल तर वाढवा. शेवटच्या तीन-चार दिवसांत ती जेवढं खाते तेवढं आधीच्या सगळ्या दिवसांत मिळून खात नाही. नेमकं तेव्हाच वर्गातलं खाद्य संपतं.

कोयनाकाठ

बिघडतं कुठे, तेही लिहायला हवं. पाच ठिकाणी लक्ष ठेवा.

एका बरणीत एकच अळी. दोन ठेवल्या आणि मावा कमी पडला की एक उरते. आधी निघालेल्या अळ्या शेजारची न फुटलेली अंडीसुद्धा खातात. हे मुलांपासून लपवायची गरज नाही, पण सकाळी बरणी उघडल्यावर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

झाकणाला खिळ्याने भोकं पाडू नका. पहिल्या अवस्थेतली अळी दीड-दोन मिलिमीटरची असते, त्या भोकातून आरामात निघून जाते. कापडच हवं.

आत वाफ धरली की बरणीच्या काचेवर थेंब जमतात आणि लहान अळ्या त्यात चिकटून मरतात. कापूस पिळून घ्या, ठिबकता नको. बरणी खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, बंद काचेत तासाभरात सगळं शिजतं.

कात टाकण्याआधी अळी शेपूट टेकवून तासन् तास निश्चल बसते. "मेली" म्हणून मुलं हलवतात, आणि कात अर्धवट अडकून ती खरंच मरते. कोषाचंही तेच. कोषाला हात लागला तर तो पुढून झटका देऊन उभा होतो. हे एकदा बघायला ठीक, दिवसातून वीसदा नको. कोष ज्या पानावर आहे ते पान सुकलं तरी काढू नका.

आणि पाचवं, सर्वात जास्त वेळा घडणारं: औषध मारलेल्या पिकावरचा मावा. मावा जिवंत दिसतो, अळी दुसऱ्या दिवशी मरते. शेतातून आणायचा तर मालकाला विचारूनच आणा.

टेरेसबाग

म्हणून चवळी घरी पेरलेली बरी. पण एक खबरदारी घ्या. पेरणीसाठी मिळणाऱ्या रंगीत, गुलाबी किंवा निळसर बियाण्याला बहुतेकदा औषध चोळलेलं असतं. त्यातली काही औषधं झाडाच्या रसात उतरतात आणि मावा टिकतच नाही. वाणसामानाच्या दुकानातली खायची चवळी पेरा. दर आठवड्याला एका कुंडीत आठ-दहा दाणे, अशा तीन कुंड्या मागेपुढे लावल्या की खाद्याचा खंड पडत नाही. पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत मावा आपसूक येतो. नाही आला तर शेजारच्या वालावरचा एक शेंडा आणून कुंडीत नुसता टेकवून ठेवायचा.

पावशेरगूळ

"कधीही मारू नये" यावर माझा आक्षेप आहे. वांग्यावरचा ठिपकेवाला भुंगेरा याच कुळातला आणि तो पानं खातो. मुलांनी त्याला वाचवलं तर वांग्याचं काय?

बांधावरचा

बरोबर. तो एपिलॅकना, काही जण हड्डा म्हणतात. वांगी, बटाटा आणि कारल्यासारख्या वेलांवर येतो. शिरा सोडून मधला हिरवा भाग खरवडतो, पानाची जाळी होते आणि ते वाळतं.

ओळखायची सोपी खूण चकाकी. मावा खाणारा ढालकिडा पॉलिश केल्यासारखा चकाकतो. हड्डा मळकट तांबूस, त्याच्या पाठीवर बारीक लव असते म्हणून तो निस्तेज दिसतो, आणि एका जातीत ठिपके तब्बल २८. त्याची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे. अंडी दोघांचीही पिवळी आणि पुंजक्यात, तिथे फसायला होतं. मग आजूबाजूला बघायचं. जवळ मावा असेल तर बहुधा आपला. मावा नाही आणि पानाला जाळी पडलीय तर हड्डा.

थोड्या झाडांवर असेल तर अंड्यांची पानं आणि अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या की पुरतं.

भिंगवाला

आणि तिसरा प्रकारही आहे: इलाइस नावाचे पिवळे छोटे ढालकिडे. ते ना मावा खातात ना पान, ते पानावरची भुरीची बुरशी चरतात. एकाच कुळात शिकारी, शाकाहारी आणि बुरशीखाऊ. चौथीला हे जमतं, तिसरीला पहिले दोन पुरेत.

शाळेचीघंटा

चकाकी आणि लव हे भिंगातून दाखवता येईल. शरीराचे भाग किती खोलात सांगावेत? आणि तो चावतो का, विषारी आहे का, हे पहिल्या दोन मिनिटांत विचारलं जाणार.

भिंगवाला

भाग मोजकेच. डोकं लहान, त्याला दोन आखूड मिशा आणि दोन संयुक्त डोळे. त्यामागे मानेची ढाल. सात ठिपक्यांच्या जातीत या ढालेच्या पुढच्या कोपऱ्यांवर दोन पांढरे डाग असतात, मुलं हमखास त्यांनाच डोळे समजतात. खरे डोळे त्यांच्या पुढे, डोक्यावर. पाय सहा. पंख चार: वरचे दोन कडक, ते झाकणाचं काम करतात. उडण्याचं काम खालच्या पातळ जोडीचं, ती घडी घालून आत ठेवलेली. ढालकिडा उतरल्यावर कधी कधी या पातळ पंखाचं टोक मागे बाहेर राहतं आणि तो ते हळूहळू आत ओढतो. तेव्हा भिंग तयार ठेवा.

चावण्याचं: आपल्याकडच्या जातींची भीती नाही. डिवचलं तर पाय आत ओढून मेल्याचं सोंग करतो आणि गुडघ्यांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा थेंब सोडतो. तो द्रव कडू असतो, पक्षी एकदा चाखून पुन्हा वाटेला जात नाही. भडक रंग ही त्याचीच पाटी. माणसाच्या त्वचेला सहसा काही होत नाही, फक्त डाग आणि वास राहतो. हात साबणाने धुवायचे, डोळे चोळायचे नाहीत, तोंडात घालायचा नाही. इतकं सांगा.

एक बिनखर्चाचा प्रयोग: ढालकिडा पेन्सिलीच्या खालच्या टोकाला सोडा. तो वर चढतो. टोकाला पोचायच्या आत पेन्सिल उलटी करा, तो वळून पुन्हा वर निघतो. टोकाला पोचू दिलात तर तिथून उडतो. मावा शेंड्यांवर असतो, तेव्हा वर चढत राहणं त्याच्या फायद्याचं. तीन-चार वेळा झालं की थांबवा, दमवू नका.

टेम्सकाठची_सई

ब्रिटनमध्ये मराठी शाळेत शिकवणाऱ्यांसाठी: इथे शरद ऋतूत, विशेषतः ऑक्टोबरमध्ये, खिडक्यांच्या चौकटींत झुंडीने शिरतात ते बहुधा हार्लेक्विन, म्हणजे हार्मोनिया ॲक्सिरिडिस. मूळचा पूर्व आशियातला, ब्रिटनमध्ये २००४ साली पहिल्यांदा नोंदला गेला. अमेरिकेतही घराघरांत शिरणारा हाच. रंग इतके बदलते की ठिपके मोजून उपयोग नाही, पण फिकट रूपात मानेच्या पांढऱ्या ढालीवर काळा इंग्रजी एम किंवा डब्ल्यू दिसतो. हा माव्याबरोबर स्थानिक ढालकिड्यांची अंडी-अळ्याही खातो, कधी माणसालाही बारीक चिमटा काढतो. चिरडू नका, पडद्यावर पिवळा डाग पडतो आणि वास सुटतो. कागदावर घेऊन बाहेर सोडायचे. फारच असतील तर व्हॅक्यूमच्या नळीला आतून पातळ मोजा लावून गोळा करायचे.

इथल्या मुलांना "थंडीत शोधा" सांगू नका, अर्थातच. मे-जून.

कोयनाकाठ

अवांतर: जुलै १९९९ मध्ये नासाच्या कोलंबिया यानातून ढालकिडे आणि मावा अंतराळात गेले होते. प्रयोग चिलीतल्या शाळकरी मुलींचा. जमिनीवर ढालकिडा जवळ आला की मावा पानावरून खाली पडून जीव वाचवतो. वजनच नसेल तर तो पडणार कुठे, हा प्रश्न. कोपऱ्यात चौकट टाकून द्या.

पावशेरगूळ

कोपऱ्यात जागा असेल तर कॅलिफोर्नियाची गोष्ट जास्त कामाची. तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवले किडीने संपवायला आणल्या होत्या. १८८८-८९ मध्ये कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून रोडोलिया नावाचा छोटा लाल-काळा ढालकिडा पाठवला. शे-सव्वाशे किड्यांपासून सुरुवात झाली, आणि दोनेक वर्षांत कीड आटोक्यात. किडीने किडीला आवरण्याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण.

टेरेसबाग

चित्राबद्दल एक भर. जास्वंदीवर पिठ्या ढेकणांत (पीठ लागल्यासारख्या पांढऱ्या, रस शोषणाऱ्या किडीत) फिरणारी पांढरी, मेणाच्या झुलपांची अळी दिसली तर तीही ढालकिड्याची असू शकते. क्रिप्टोलीमस. हुबेहूब पिठ्यासारखी दिसते, म्हणून बागेत पहिली तीच पाण्याच्या फवाऱ्याने उडवली जाते. फरक असा: पिठ्या जवळपास जागचा हलत नाही, ही चालते, आणि पिठ्यापेक्षा बरीच मोठी होते. भुंगेरा काळसर, डोकं आणि मागचं टोक तांबूस, ४ मिमीच्या आसपास. तोही ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये आणलेला. द्राक्षबागांत आजही पिठ्यासाठी सोडतात.

शाळेचीघंटा

चित्र ठरलं: वर अळी मोठी, खाली भुंगेरा लहान. राहिला एक प्रश्न. एखादा ढालकिडा एका जागी पाय रोवून बसलाय, हलत नाही, आणि पोटाखाली तपकिरी रेशमी गाठोडं आहे. हे काय? फोटो एका पालकांनी पाठवलाय.

भिंगवाला

ती डायनोकॅम्पस नावाची बारीक गांधीलमाशी. ढालकिड्याच्या अंगात अंडं घालते, अळी आत वाढते, बाहेर पडून त्याच्याच पायांत कोष विणते. ढालकिडा जिवंत असतो पण जागचा हलत नाही, अधूनमधून थरथरतो, आणि त्यामुळे कोषाची राखण होते. काही वेळा माशी उडून गेल्यावर तो सावरतोही. सोडवायला जाऊ नका, पाय तुटतात. वेगळ्या बरणीत ठेवलंत तर आठवडाभरात छोटी माशी निघालेली दिसेल.

शाळेचीघंटा

हे चौथीलाच दाखवते. बरण्यांचा उपक्रम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायचा, तर चवळी कधी पेरू? आणि तयार भुंगेरे सोडायचे कधी?

टेरेसबाग

पहिली कुंडी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, मग दर आठवड्याला एक.

कोयनाकाठ

कोषातून निघाल्यावर एक पूर्ण दिवस बरणीतच राहू द्या, पंख कडक व्हायला हवेत. त्या दिवशी थोडा मावा आत असावा. मावा संपला असेल तर मधाच्या पाण्यात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्याच चवळीच्या कुंडीवर सोडा, मुंग्या नसलेल्या बाजूला. भर दुपारी सोडलात तर लगेच उडून जातील आणि मुलांना बघायला काही उरणार नाही.